शैथिल्याच्या दोन वाटा : स्नायू आणि कल्पनाचित्र

पदव्युत्तर वर्गातील प्रबंधिकांचे विषय ठरविण्याची वेळ आली की एक विषय हमखास पुढे येतो : चिंतेच्या निवारणास स्नायुशिथिलीकरणाची पद्धती अधिक उपकारक की कल्पनाचित्रांची? विषय आकर्षक आहे, त्याला खर्च फारसा नाही, आणि विद्यार्थ्यांचे दोन गट व एखादी चिंता-मापिका एवढ्या सामग्रीवर तो तडीस नेता येतो. निष्कर्षही बहुधा ठरलेला असतो. दोन्ही गटांतील चिंता घटली; दोहोंतील फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय नाही. परीक्षक मान डोलावतात आणि पुढील वर्षी विषय पुन्हा निघतो. हा निष्कर्ष खोटा असतो असे नव्हे. परंतु ज्या प्रश्नाचे उत्तर म्हणून तो दिला जातो तो प्रश्नच नीट मांडलेला नसतो, असे प्रस्तुत लेखकास वाटते. शिवाय ही चूक केवळ शास्त्रीय राहत नाही. ज्याला एका वाटेने जाता येत नाही त्याला तीच वाट दाखवावयाची आणि ती साधली नाही म्हणून दोष त्याच्या माथी मारावयाचा, असे प्रसंग समुपदेशकाच्या खोलीत घडत असतात.

प्रथम या दोन पद्धती मूळ स्वरूपात काय होत्या ते पाहू. स्नायूंच्या वाटेचा आद्य प्रवर्तक एडमंड जेकबसन (१८८८–१९८३). हार्वर्ड विद्यापीठात १९०८ साली आरंभिलेले हे संशोधन त्याने पुढे शिकागो येथे वाढविले आणि १९२९ साली ‘प्रोग्रेसिव्ह रिलॅक्सेशन’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. आज या नावाखाली जे चालते, म्हणजे ध्वनिफितीवरील वीस मिनिटांचा पाठ, मूठ आवळा, सोडा, खांदे उचला, सोडा, त्याचा जेकबसनच्या पद्धतीशी संबंध दूरच्या नात्यासारखा आहे. त्याच्या पद्धतीत एका बैठकीत एकच स्नायुसमूह हाताळला जाई. पहिल्या तासाला साधक उताणा पडे आणि मनगट मागे वाकवून धरी. अशा वेळी मनगटाच्या सांध्यापाशी एक ओढ जाणवते, ती सर्वांना सहज कळते. परंतु जेकबसनला ती नको होती. अग्रबाहूच्या वरच्या भागात, आकुंचन पावणाऱ्या स्नायूतच, जी अतिशय पुसट संवेदना असते ती साधकाने ओळखावी, हा त्या तासाचा सारा अभ्यास. ती ओळखल्यावर मनगट सोडावयाचे आणि उरलेला वेळ काहीही न करता पडून राहावयाचे. स्नायू ताणणे हे त्याच्या लेखी साधन नव्हतेच. तो केवळ परिचय होता. ताण कसा असतो हे कळले म्हणजे तो कमी करणे म्हणजे काय हेही कळते, आणि मग अधिकाधिक सूक्ष्म ताण ओळखून सोडता येतो. शिथिल होण्याचा प्रयत्न करणे म्हणजेच शिथिल न होणे, हा मुद्दा तो पुनःपुन्हा मांडीत असे.

या पद्धतीत सूचनेला थारा नव्हता. ‘आता तुमचा हात जड होत आहे’, ‘तुम्हांला शांत वाटू लागले आहे’ यांसारखी वाक्ये जेकबसनने कटाक्षाने वर्ज्य मानली होती, कारण साधकाचा स्नायू खरोखर सैल झाला आहे की त्याला तसे वाटते आहे, हा भेद त्याला पुसला जाऊ द्यावयाचा नव्हता. त्यासाठी त्याने बेल टेलिफोन प्रयोगशाळेच्या साहाय्याने व्होल्टच्या दशलक्षांशापर्यंतचे स्नायुविद्युत् मोजणारी उपकरणे सिद्ध केली. माणूस ‘मी अगदी स्वस्थ आहे’ असे म्हणत असतानाही त्याचे स्नायू काम करीत असतात, हे त्याला या उपकरणांवर दिसे.

दुसऱ्या वाटेचा आरंभ बर्लिनमध्ये झाला. योहानेस हाइनरिख शुल्झ (१८८४–१९७०) याचा ‘ऑटोजेनिक’ प्रशिक्षणावरील ग्रंथ १९३२ सालचा. मेंदूशास्त्रज्ञ ऑस्कर फोग्ट याच्या संमोहनविषयक निरीक्षणांवरून शुल्झला असे दिसून आले होते की, संमोहित व्यक्ती प्रायः दोन अनुभव सांगतात, अवयवांचे जडपण आणि ऊब. मग संमोहनकाराला बाजूस सारून व्यक्तीने हे अनुभव स्वतःच जागवावेत, अशी कल्पना त्याने काढली. त्याची सहा सूत्रे आहेत : अवयव जड आहेत, अवयव उबदार आहेत, हृदयाचे ठोके शांत आहेत, श्वास आपोआप चालला आहे, उदरात ऊब आहे, कपाळ शीतल आहे. ही सूत्रे मनातल्या मनात म्हणावयाची आणि परिणामाची वाट न पाहता तो घडू द्यावयाचा. येथे स्नायूला हातही लावलेला नाही. जे काही आहे ते कल्पनेत आहे. मात्र ही कल्पना देहाचीच आहे. याउलट पुढे रूढ झालेल्या मार्गदर्शित कल्पनाचित्रांत साधकाला देहाबाहेर नेले जाते, कोठे समुद्रकिनाऱ्यावर, कोठे वनराईत, कोठे बालपणीच्या अंगणात.

मराठीतून या सूत्रांचा वापर करणारांस येथे एक अडचण येते आणि तिची चर्चा आपल्याकडे जितकी व्हावी तितकी झालेली नाही. ‘माझा उजवा हात जड झाला आहे’ हे वाक्य जर्मन भाषेत विसाव्याचे असेल, परंतु मराठीत ‘अंग जड झाले आहे’ असे म्हणणारा माणूस बहुधा वैद्याकडे निघालेला असतो. डोके जड होणे, छाती जड होणे, पाय जड होणे ही सारी दुखण्याची भाषा आहे. ज्या व्यक्तीची चिंता मुळात प्रकृतीविषयीच आहे तिला हे सूत्र देणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय. ‘हात सैल पडला आहे’ किंवा ‘हाताचा भार गादीवर टेकला आहे’ असे काही म्हटले तर अर्थ साधतो. उलट चौथ्या सूत्राला मराठी फारच अनुकूल आहे. ‘श्वास मला श्वसवीत आहे’ अशा धर्तीची जी वाक्यरचना शुल्झला योजावी लागली ती आपल्याकडे ‘श्वास आपला चालला आहे’ एवढ्या घरगुती वाक्यात सहज सामावते. समुद्रकिनाऱ्याचीही तीच गत. माणदेशात वाढलेल्या विद्यार्थ्याने समुद्र कदाचित एकदाच, सहलीत पाहिलेला असतो; कोळीवाड्यातील मुलीच्या दृष्टीने किनारा म्हणजे वाळत घातलेली मासळी, जाळी आणि पहाटेची घाई. परभाषेतून उचललेले चित्रपाठ जसेच्या तसे वाचून दाखविणाऱ्यांनी एवढा तरी विचार करावा.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. एक पद्धती शारीरिक आणि दुसरी मानसिक, हा भेद कितपत टिकतो? गमतीची गोष्ट अशी की, हा भेद प्रथम डळमळीत केला तो स्वतः जेकबसनने. १९३० च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या प्रयोगमालिकेत त्याने शिथिलीकरणात तरबेज झालेल्या व्यक्तींना स्वस्थ पडून ‘उजवा हात वाकवीत आहे’ अशी नुसती कल्पना करावयास सांगितले. हात हलला नाही. परंतु दंडाच्या स्नायूत विद्युत्-क्रिया नोंदली गेली आणि कल्पना थांबविण्याची खूण होताच ती ओसरली. हात वाकताना आपण डोळ्यांनी पाहत आहोत, अशी कल्पना करावयास सांगितल्यावर मात्र क्रिया नेत्रस्नायूंकडे गेली. मनातल्या मनात शब्द उच्चारताना जीभ व ओठ यांत ती आढळली. म्हणजे ‘हात वाकविणे’ या एकाच विषयाची कल्पना कोणत्या प्रकारे केली यावर देहात काय घडेल हे अवलंबून होते. कल्पनाचित्र ही निव्वळ मनातील वस्तू नव्हे, हे इतक्या स्वच्छपणे दाखविणारे प्रयोग त्यापूर्वी क्वचितच झाले असतील.

जेकबसन येथेच थांबला नाही. स्नायू पूर्ण शिथिल झाले तर विचारच संभवत नाही, असा टोकाचा सिद्धान्त त्याने मांडला. त्याला १९४७ साली एका धाडसी प्रयोगाने उत्तर मिळाले. स्कॉट स्मिथ या भूलतज्ज्ञाने स्वतःच्या शरीरात क्युरारी या वनस्पतिविषापासून काढलेले द्रव्य टोचवून घेतले. सर्व ऐच्छिक स्नायू लुळे पडले, श्वासही कृत्रिम रीतीने चालवावा लागला. तरी त्याची शुद्ध, संवेदना आणि विचार अबाधित होते, असे त्याने नंतर सांगितले. म्हणजे स्नायू आणि विचार यांची सांगड सामान्यतः असते, पण ती अभेद्य नाही. चिंतातुर माणसाच्या बाबतीत हा फरक महत्त्वाचा आहे. त्याचा देह सैल पडूनही चिंता चालू राहू शकते, हे कोणाही निद्रानाश्याला ठाऊक असते. स्मिथने फक्त त्याचे शेवटचे टोक दाखविले.

कल्पनाचित्रांच्या बाजूनेही भेद असाच पुसट होतो. जोसेफ वोल्पे याने १९५८ सालच्या ग्रंथात जी भीतिनिवारणाची पद्धती मांडली तीत जेकबसनचे शिथिलीकरण संक्षिप्त करून घेतले आहे आणि शिथिल अवस्थेत रुग्णास भीतीच्या प्रसंगांची, सौम्यापासून तीव्रापर्यंत, क्रमाने कल्पना करावयास सांगितले आहे. येथे स्नायू विसाव्याच्या पक्षाला आहेत आणि कल्पनाचित्र विरुद्ध पक्षाला. कल्पनाचित्र स्वभावतः शामक नाही, हे यावरून लक्षात यावे. पीटर लँग याने १९७९ साली मांडलेल्या उपपत्तीत याचे स्पष्टीकरण मिळते. चित्रवर्णनात नुसत्या परिस्थितीचे तपशील असले तर देहाचा प्रतिसाद क्षीण असतो. त्यात प्रतिसादाचेही तपशील घातले, जसे की छाती धडधडते आहे, तळवे घामेजले आहेत, तर प्रतिसाद वाढतो. हे लँगने भीतीच्या संदर्भात दाखविले. तोच न्याय विसाव्यास लावला तर ‘समोर निळे पाणी आहे’ या वाक्यापेक्षा ‘पाण्याकडे पाहता पाहता खांदे खाली आले आहेत’ हे वाक्य अधिक परिणामकारी असावयास हवे. परंतु मग ते कल्पनाचित्र राहिले की स्नायुशिथिलीकरण झाले?

आपल्याकडील शवासनाचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. हठप्रदीपिकेच्या पहिल्या उपदेशात त्याचा निर्देश असून श्रमपरिहार व चित्तविश्रांती ही त्याची फले सांगितली आहेत. म्हणजे देह आणि चित्त दोन्ही एकाच श्वासात. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. के. के. दाते व त्यांच्या सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांवर शवासनाचा प्रयोग करून १९६९ साली त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यात औषध न घेणाऱ्या रुग्णांचा रक्तदाब उतरल्याचे आणि औषध घेणाऱ्या अनेकांची मात्रा कमी करता आल्याचे नमूद आहे. तुलनेसाठी स्वतंत्र गट नव्हता, ही त्याची मर्यादा आजचा वाचक लगेच दाखवील. आपल्या दृष्टीने लक्षणीय आहे ती त्यांची रीत. रुग्णाने संथ श्वास घ्यावा आणि आत जाणाऱ्या हवेचा गारवा व बाहेर येणाऱ्या हवेची ऊब नाकपुड्यांपाशी न्याहाळावी, एवढेच त्याला करावयाचे होते. यात स्नायू ताणणे नाही, सूत्र नाही, चित्रही नाही. आहे ते अवधान. आणि जेकबसनच्या साधकाला अग्रबाहूतील ती पुसट संवेदना शोधावयास लावले जाई तेव्हा तोही दुसरे काय करीत असे?

तेव्हा दोन पद्धतींची तुलना करणारांस तुलना नेमकी कशाची हे आधी सांगता आले पाहिजे. तुलनात्मक संशोधनाचा इतिहास पाहिला तरी हेच दिसते. गॉर्डन पॉल याने १९६९ साली स्नायुशिथिलीकरणाचे संक्षिप्त शिक्षण आणि संमोहनाच्या सूचना यांची तुलना केली. हृदयगती व स्नायुताण यांसारख्या देहमापनांत स्नायूंची वाट सरस ठरली. १९७५ साली हर्बर्ट बेन्सन याने सर्व पद्धती एकच ‘विश्रांति-प्रतिसाद’ जागवितात, असा लोकप्रिय झालेला पक्ष मांडला. लगेच पुढल्या वर्षी डेव्हिडसन व श्वार्ट्झ यांनी प्रतिपक्ष केला : चिंता काहींची देहात असते, काहींची विचारांत, देहाच्या चिंतेला देहाची पद्धती लागू पडेल, विचारांच्या चिंतेला विचारांची. कल्पना तर्कशुद्ध आणि देखणी असल्यामुळे ती पाठ्यपुस्तकांतून फार लवकर स्थिरावली. पॉल लेहरर व सहकाऱ्यांनी १९९४ साली उपलब्ध पुराव्याचे पर्यालोचन केले तेव्हा सत्य मधोमध असल्याचे दिसले. सर्वच पद्धतींत एक सामान्य विश्रांति-परिणाम आढळतो; त्यावर प्रत्येक पद्धतीच्या विशिष्ट परिणामाचा थर असतो. स्नायूंच्या पद्धती स्नायूंवर अधिक काम करतात, ऊब-जडपणाच्या पद्धती स्वायत्त मज्जासंस्थेवर, विचारांच्या पद्धती विचारांवर.

आता मघाच्या प्रबंधिकांतील ‘फरक लक्षणीय नाही’ हा निष्कर्ष कोठून येतो ते कळेल. प्रश्नावलीरूप चिंता-मापिका हा सामान्य थरच मुख्यतः मोजते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या टुसेंट व सहकाऱ्यांच्या प्रयोगात ६० विद्यार्थ्यांना चार गटांत विभागून स्नायुशिथिलीकरण, दीर्घ श्वसन आणि मार्गदर्शित कल्पनाचित्र यांची तुलना केली आहे. ‘मला विसावल्यासारखे वाटते’ या कसोटीवर तिन्ही पद्धती नियंत्रित गटापेक्षा सरस ठरल्या. देहमापनांत मात्र स्नायू आणि कल्पनाचित्र या दोन गटांचा कल तत्काळ शांततेकडे गेला, तर दीर्घ श्वसनाच्या गटात आरंभी उत्तेजन वाढून नंतर पूर्वपदावर आले. केवळ प्रश्नावली वापरली असती तर हा भेद कोणाच्याच नजरेस पडला नसता.

दुसरे कारण शिक्षणाच्या मात्रेत आहे. बोर्कोव्हेक व साइड्स यांनी १९७९ साली स्नायुशिथिलीकरणावरील प्रयोग पडताळून पाहिले. देहावर परिणाम दाखविणाऱ्या प्रयोगांत बैठका अधिक होत्या, शिक्षक प्रत्यक्ष समोर होता आणि साधक खरोखरीच त्रस्त असलेले होते. ध्वनिफितीवरून एकदोनदा शिकविलेल्या निरोगी विद्यार्थ्यांत परिणाम दिसणे कठीण. एका बैठकीची ध्वनिफीत हीच ज्यांची ‘जेकबसन-पद्धती’ त्यांनी जेकबसनला हरविल्याचे जाहीर करू नये. लेहररने १९८२ साली या विषयावर स्वतंत्र निबंध लिहून मूळ पद्धतीची बाजू मांडली आहे. तो मुळातून वाचण्याजोगा आहे.

राहिला व्यक्तिभेद. फ्रान्सिस गॉल्टनने १८८० साली लोकांना सकाळच्या न्याहारीचे टेबल मनश्चक्षूंपुढे आणावयास सांगितले, तेव्हा काहींना ते लख्ख दिसले तर काहींना काहीच दिसले नाही. त्यांत शास्त्रज्ञही होते. या दुसऱ्या अवस्थेला एक्सेटर येथील ॲडम झेमन याने २०१५ साली ‘अफॅन्टेशिया’ हे नाव दिले. अशी माणसे शेकड्यात थोडीच असतात. परंतु चित्रे पुसट दिसणारांची संख्या त्यांहून अधिक आहे. त्यांना ‘डोळे मिटून किनारा पाहा’ म्हटल्यावर ती काळोखाकडे पाहत बसतात आणि बहुतेक वेळा संकोचाने ‘दिसला’ असे सांगतात. चित्रस्पष्टतेची डेव्हिड मार्क्सची मापिका १९७३ पासून उपलब्ध असताना गटविभागणीपूर्वी ती न देणे हा निव्वळ आळस होय. स्नायूंच्या वाटेलाही असे अडखळणारे असतातच. जुने सांध्यांचे दुखणे असलेल्या व्यक्तीला आवळ-सोड करावयास लावणे युक्त नव्हे. अशांसाठी लार्स-गोरान ओस्ट याने १९८७ साली वर्णिलेल्या उपयोजित शिथिलीकरणातील एक पायरी घेता येते. तीत ताण न देताच स्नायू सोडावयास शिकवितात.

शेवटी एक गोष्ट, जी प्रबंधिकांत बहुधा नोंदलीच जात नाही. शांत करावयास घेतलेला माणूस कधी कधी अधिकच बेचैन होतो. हाइडे व बोर्कोव्हेक यांनी १९८३ साली चौदा चिंतातुर व्यक्तींवर केलेल्या प्रयोगात स्नायुशिथिलीकरणाच्या वेळी सुमारे एकतृतीयांश जणांची चिंता वाढली, तर एकाग्र ध्यानाच्या वेळी निम्म्याहून किंचित अधिकांची. संख्या लहान आहे, तेव्हा प्रमाणावर भर देऊ नये. पण प्रकार खरा आहे. स्वतःवरील पकड सैल होण्याचीच ज्याला भीती वाटते त्याला करण्याजोगे काही ठोस काम, मूठ आवळणे का होईना, हाती असले तर तुलनेने धीर येत असावा, असा तर्क करता येतो. आपल्या तक्त्यांत अशा व्यक्ती ‘दोन बैठकांनंतर अनुपस्थित’ या सदराखाली जातात आणि सरासरीतून वगळल्या जातात. कोणत्या गटातून कितीजण उठून गेले, कितव्या सूचनेला त्यांनी डोळे उघडले, आणि विचारल्यावर काय सांगितले, याची नोंद मार्गदर्शकाने विद्यार्थ्याकडून पहिल्या बैठकीपासून ठेवून घ्यावी. त्यासाठी उपकरण लागत नाही, वही पुरते.